अंदाजपत्रक शिकायचं तर आधी जमेची बाजू

सोलापूर जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेतल्या लेखापालांनी विचारलं आहे: "मी लेखापरीक्षण व लेखा सेवेतून ५ वर्षांपूर्वी रुजू झालो, ३ अंदाजपत्रकं स्वतः तयार केली. आता प्रगत अंदाजपत्रकाच्या ५ दिवसांच्या निवासी प्रशिक्षणाची चर्चा आहे. मुख्याधिकारी विचारतात, तुला सगळं येतं, मग जायचं कशाला? माझी अडचण अशी की आमचं अंदाजपत्रक दरवर्षी शिलकी असतं, आणि दिवाळीच्या आधी ठेकेदार बिलांसाठी दारात बसलेले असतात. चुकतंय कुठं? आणि प्रशिक्षणात नेमकं काय शिकायला हवं?"

तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे, म्हणून एकत्रच लिहितो. मी जवळपास २८ वर्षं पालिकांच्या लेखा विभागात काढली, त्यातली बरीचशी याच जिल्ह्यात. पुढे प्रशिक्षणवर्गांत शिकवलंही. प्रशिक्षणाला जरूर जा, पण जाताना स्वतःच्या पालिकेची रोजच्या जमाखर्चाची कीर्दवही, बँकेचे उतारे आणि मागणी-वसुलीचं रजिस्टर सोबत न्या. दुसऱ्याच्या काल्पनिक नगरपालिकेचं अंदाजपत्रक सोडवून कुणाचंही अंदाजपत्रक सुधारल्याचं मी पाहिलेलं नाही.

चूक कुठं होते ते आधी बघू. आपल्याकडे अंदाजपत्रक उलट्या बाजूने तयार होतं. डिसेंबर-जानेवारीत विभागांच्या मागण्या येतात, प्रभागांतली कामं येतात, आस्थापना खर्च, म्हणजे पगार-भत्ते, ठरलेलाच असतो. त्यांची बेरीज होते, आणि मग ती बेरीज बसेल एवढी जमा दाखवली जाते. मालमत्ता कराच्या रकान्यात गेल्या वर्षीच्या अंदाजावर १० टक्के वाढ. गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती आले, हा रकाना शेजारीच छापलेला असतो, पण बोट त्याच्यावर कुणी ठेवत नाही. खर्चाची बाजू आपण पैशा-पैशाने तपासतो. जमेच्या बाजूवर एका आकड्यात कोट्यवधींची हवा भरली तरी सभेत कुणी विचारत नाही, कारण ती हवा काढली की प्रत्येकाचं एकेक काम गळतं.

आकड्यांत सांगतो. आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, पण मध्यम आकाराच्या नगरपरिषदेत चित्र साधारण असंच असतं. समजा मालमत्ता कराची चालू मागणी, म्हणजे या वर्षी आकारलेला कर, ६ कोटी आणि थकबाकी ४ कोटी. एकूण मागणी १० कोटी, म्हणून वसुली विभाग अंदाज देतो ८ कोटी ५० लाखांचा. ८५ टक्के उद्दिष्ट ऐकायला चांगलं वाटतं. प्रत्यक्षात चालू मागणीतले ६५ टक्के म्हणजे ३ कोटी ९० लाख आणि थकबाकीतले २० टक्के म्हणजे ८० लाख जमा होतात. एकूण ४ कोटी ७० लाख. तूट ३ कोटी ८० लाखांची. खर्च मात्र साडेआठ कोटी गृहीत धरून मंजूर झालेला, कार्यारंभ आदेश निघालेले. तुमच्या दारात बसलेले ठेकेदार हे या ३ कोटी ८० लाखांचं दृश्य रूप आहे.

यावर लोक म्हणतात, वसुली वाढवा. वाढवायलाच हवी, पण त्याआधी थकबाकीची चिरफाड करा. हे काम मी प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी करून घेतो आणि त्याला पूर्ण अर्धा दिवस देतो. वरचे ४ कोटी उलगडले की असं काहीतरी निघतं: १ कोटी १० लाख ही नुसती उशिराबद्दलच्या दंडाची, म्हणजे शास्तीची रक्कम, ५५ लाख न्यायप्रविष्ट, ७० लाख दुबार नोंदी किंवा जागेवर नसलेल्या मिळकती, ३५ लाख सरकारी इमारतींचे. राहिले १ कोटी ३० लाख. म्हणजे वसुली विभागाने ८० लाख आणले, ते खरोखर मिळण्याजोग्या रकमेच्या ६० टक्क्यांच्या वर आहेत. जे कर निरीक्षक दर सोमवारच्या बैठकीत बोलणी खातात, त्यांनी काम केलेलं असतं. चूक मागणीच्या रजिस्टरात असते. दरमहा २ टक्के शास्ती म्हणजे वर्षाला २४ टक्के. थकबाकीचा डोंगर बराचसा या आकारणीने वाढतो, आणि मग अभय योजना येऊन तीच शास्ती माफ होते. जी रक्कम आपण स्वतःच सोडणार आहोत, ती जमेच्या अंदाजात धरण्यात काय अर्थ? शास्ती वेगळ्या लेखाशीर्षात ठेवा आणि तिथे गेल्या तीन वर्षांत प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमेपलीकडे जाऊ नका.

दुबार नोंदी आपल्या भागात का साचतात, याचा अनुभव सोलापूर शहराकडे बघूनही येतो. १९९२ च्या हद्दवाढीने महापालिकेचं क्षेत्र कितीतरी पटींनी वाढलं. आजूबाजूच्या गावांच्या ग्रामपंचायतींची घरपट्टीची रजिस्टरं शहराच्या रजिस्टरात आली. अजूनही जुन्या सोलापुरातला माणूस "हद्दवाढ भाग" असाच शब्द वापरतो. अशा वेळी एकच घर जुन्या नंबराने आणि नव्या नंबराने दोनदा लागतं, यंत्रमागाचं शेड बंद पडून तिथे चार खोल्या निघतात तरी आकारणी शेडचीच राहते, आणि नव्या वसाहतीतली शेकडो घरं आकारणीतच येत नाहीत. लहान पालिकांत हेच लहान प्रमाणात घडतं. म्हणून मागणी-वसुलीचं रजिस्टर प्रत्यक्ष गल्लीत नेऊन शंभर मिळकती तपासणं हा अंदाजपत्रकाच्या प्रशिक्षणाचाच भाग आहे, असं मी मानतो. शंभरातल्या बारा नोंदी चुकीच्या निघाल्या तर अंदाज किती कमी धरायचा, हे तुम्हाला कुठलंही पुस्तक सांगणार नाही इतकं नेमकं कळतं.

हे मला उशिरा कळलं. जिल्ह्यातल्याच एका पालिकेत, नाव सांगत नाही, माझं स्वतंत्रपणे केलेलं पहिलं अंदाजपत्रक होतं. वसुलीचा आकडा मला पटलेला नव्हता. तरी मी तो घेतला, कारण तो न घेतल्यास सफाईच्या ठेक्याची तरतूद बसत नव्हती. नोव्हेंबरात स्वनिधीचं, म्हणजे पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नाचं, खातं रिकामं झालं. ठेकेदाराने तीन महिन्यांचं बिल थकल्याचं सांगून कामगारांचे पगार रोखले. एका सकाळी तीस-पस्तीस सफाई कामगार, बहुतेक बायका, कार्यालयाच्या व्हरांड्यात बसून होत्या. कुणी घोषणा देत नव्हतं. एकीने मला विचारलं, "साहेब, बजेटमध्ये आमचे पैसे होते ना?" होते. कागदावर पूर्ण होते. तो प्रश्न मी त्यानंतर प्रत्येक अंदाजपत्रकाच्या वेळी स्वतःला विचारत आलो आहे.

आता दुसरा सापळा, आणि माझ्या मते तो पहिल्याहून खोल आहे. तुम्ही लिहिता, अंदाजपत्रक शिलकी असतं. ही शिल्लक कुणाची? आरंभीची शिल्लक म्हणून आपण १ एप्रिलला सगळ्या बँक खात्यांची बेरीज लिहितो. समजा ती १४ कोटी २० लाख आली. सभागृहात हा आकडा वाचला जातो आणि सगळ्यांचे चेहरे उजळतात. आता ती उलगडा. वित्त आयोगाचा बंधित, म्हणजे नेमून दिलेल्या कामांपुरताच, निधी ४ कोटी ६० लाख. राज्याच्या ठरावीक योजनांचा, ठरावीक कामांसाठीच आलेला ३ कोटी ८० लाख. जिल्हा नियोजन, आमदार आणि खासदार निधी १ कोटी ९० लाख. ठेकेदारांच्या अनामत आणि सुरक्षा ठेवी २ कोटी १० लाख. दिव्यांग, महिला व बालकल्याण, दुर्बल घटक यांच्या प्रत्येकी ५ टक्क्यांतला अखर्चित भाग ६० लाख. पगारातून कापलेली पण भरायची राहिलेली भविष्य निर्वाह निधीची रक्कम, आयकर, आणि मालमत्ता कराबरोबर शासनासाठी गोळा केलेला शिक्षण कर व रोजगार हमी कर मिळून ५५ लाख. बेरीज १३ कोटी ५५ लाख. राहिले ६५ लाख. तेवढेच तुमचे. शेजारच्या कपाटात १ कोटी ४० लाखांची न दिलेली बिलं पडून असतील, तर स्वनिधी ७५ लाखांनी उणे आहे. ज्या पालिकेचं वर्ष उणे ७५ लाखांवर सुरू होतंय, तिचं अंदाजपत्रक १४ कोटी शिलकीने सुरू होतंय असं छापलं जातं.

यात कुणी लबाडी केलेली नसते. रोकड पद्धतीच्या, म्हणजे पैसा हातात आला-गेला तेव्हाच नोंद करण्याच्या, सवयीचा हा परिणाम आहे. २००४ मध्ये राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमपुस्तिका आली, द्विनोंदी आणि उपार्जित लेखापद्धती आली, म्हणजे देणं-येणं ठरलं की लगेच नोंद. आता आपल्याकडे ताळेबंद तयार होतो. बहुतेक ठिकाणी तो सनदी लेखापालांकडून करून घेतला जातो आणि कपाटात जातो. अंदाजपत्रक मात्र अजून रोकडीवरच चालतं. दोन कागदांची भेटच होत नाही. प्रगत प्रशिक्षणाचा एक पूर्ण दिवस मी या भेटीला देईन: ताळेबंदातल्या देणी, ठेवी, विशिष्ट अनुदानं या बाजू घ्यायच्या आणि अंदाजपत्रकातली आरंभीची शिल्लक त्यांच्यावर पडताळून पाहायची. सनदी लेखापालाने तयार केलेला ताळेबंद वाचून त्याला चार प्रश्न विचारता येणं, हे लेखाधिकाऱ्याचं कौशल्य आहे. ते आपल्यापैकी फार थोड्यांना शिकवलं गेलं.

याच दिवसात दायित्वाचं रजिस्टर येतं, ज्याला कार्यालयात सगळे स्पिलओव्हर म्हणतात. स्वनिधीतून भांडवली कामांना ३ कोटी ठेवले. पण गेल्या दोन वर्षांत कार्यारंभ आदेश दिलेल्या कामांचं अजून द्यायचं २ कोटी ३५ लाख आहे. मग नव्या कामांना जागा ६५ लाखांचीच. यादी मात्र २ कोटी ८० लाखांची मंजूर होते, आणि जुनी कामं मागे राहू नयेत म्हणून त्यांच्या लेखाशीर्षात हजार-हजार रुपयांची टोकन तरतूद ठेवली जाते. टोकन तरतूद म्हणजे काम जिवंत ठेवणं, अशी समजूत आहे. माझ्या मते ते देणं लपवणं आहे, आणि ते थांबलं पाहिजे. प्रत्येक कामासमोर मंजूर रक्कम, आदेशाची रक्कम, आजवर दिलेलं, द्यायचं राहिलेलं आणि कुठल्या निधीतून, एवढे पाच रकाने बांधकाम विभागाकडून सहीनिशी घ्या. पहिल्या वर्षी ते देणार नाहीत. मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने पत्र काढा आणि सांगा की ज्या कामाची नोंद या तक्त्यात नाही, त्याचं बिल नव्या वर्षात लेखा विभाग घेणार नाही. आठवड्यात तक्ता येतो.

अनुदानांबद्दल आता. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्येच गेली आणि तिच्या बदल्यात सहायक अनुदान आलं. महापालिकांची गोष्ट जरा वेगळी. सोलापुरात जकातीनंतर २०११ पासून स्थानिक संस्था कर होता. १ ऑगस्ट २०१५ पासून राज्याने तो ५० कोटींपर्यंतच्या उलाढालीला माफ केला, आणि १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आल्यावर उरलेलाही संपला. महापालिकांना भरपाई मिळते ती २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून दरवर्षी ८ टक्के वाढीने. दोन्ही ठिकाणी परिणाम एकच: शहरात व्यापार वाढला म्हणून आपोआप वाढणारा कर हातातून गेला. स्वतःचं म्हणावं असं मालमत्ता कर, पाणीपट्टी, बाजार फी, गाळेभाडं आणि विकास शुल्क एवढंच. म्हणून मी जमेच्या बाजूवर इतका अडून बसतो. जकातीच्या काळात अंदाज चुकला तरी नाक्यावरचा रोजचा भरणा तो सावरून घ्यायचा. आता सावरणारं काही नाही.

१५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी देशातल्या नागरी संस्थांना १ लाख २१ हजार ५५ कोटी सुचवले. सोलापूर शहर २०११ च्या जनगणनेत ९ लाख ५१ हजारांवर थांबलं, त्यामुळे ते दहा लाखांखालच्या शहरांच्या गटात. तुमची नगरपरिषदही त्याच गटात. या गटाला ४० टक्के अबंधित, ३० टक्के पाणी आणि ३० टक्के स्वच्छता व घनकचऱ्यासाठी बंधित अशी विभागणी होती. अबंधित म्हटलं तरी पगार आणि आस्थापना त्यातून करता येत नव्हती, हे विसरून किती तरी ठिकाणी लेखाआक्षेप आले आहेत. पण मला जास्त महत्त्वाच्या वाटतात त्या अटी. मागच्या वर्षाचे तात्पुरते हिशेब आणि त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब संकेतस्थळावर हवे होते, आणि मालमत्ता कराची वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या ५ वर्षांच्या सरासरी वाढीच्या बरोबरीने वाढायला हवी होती. म्हणजे तुमची जमेची बाजू कमकुवत असली तर केंद्राचा पैसाही अडायचा. आता २०२६-२७ पासून १६ व्या आयोगाचा काळ. नव्या अटींचं मूळ परिपत्रक शब्दशः वाचा, कुणी केलेला सारांश वाचून तरतूद धरू नका.

निधी वाटण्याच्या सूत्रावरून पंढरपूर आठवतं. वित्त आयोगाने राज्याराज्यांत निधी वाटताना लोकसंख्येला ९० आणि क्षेत्रफळाला १० टक्के भार दिला. जनगणनेतलं पंढरपूर लाखाच्या आतलं गाव. आषाढीला तिथे लाखो वारकरी येतात, शिवाय कार्तिकी, माघी, चैत्री. ते पाणी पितात, शौचालयं वापरतात, कचरा होतो, आणि त्यातला एकही माणूस सूत्रात मोजला जात नाही. तिथलं अंदाजपत्रक यात्रा अनुदानावर टेकलेलं असतं आणि खर्च आषाढीच्या आधी महिनाभर सुरू होतो. अशा गावच्या लेखाधिकाऱ्याला प्रशिक्षणात शिकवायला हवं ते वारीचा खर्च दर वर्षी वेगळा मोजून ठेवणं: किती टँकर, किती जादा सफाई कामगार, किती दिवस. अनुदान वाढवून मागायला तोच एक भक्कम कागद असतो. अक्कलकोटसारख्या रोज भाविक येणाऱ्या गावालाही हे लागू पडतं.

पाण्याच्या हिशेबाबद्दल मी थोडं लांबण लावणार आहे, कारण आपल्या जिल्ह्यात पालिका बुडतात त्या इथे. सोलापूर शहराचं पाणी शंभरेक किलोमीटरवरच्या उजनी धरणातून येतं, शिवाय भीमेवरच्या बंधाऱ्यावरून टाकळीहून. ते उचलायला, ढकलायला वीज लागते, आणि तरी नळाला पाणी काही दिवसांआड. तुमच्या गावालाही कुठल्यातरी नदीवरून किंवा तलावावरून पाणी उचलावं लागत असेल. तर हिशेब असा करा. एक हजार लिटर पाणी १०० मीटर उचलायला भौतिकशास्त्राप्रमाणे ०.२७ युनिट वीज लागते. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ६५ टक्के धरली आणि नळातल्या घर्षणासकट एकूण चढ १५० मीटर असला तर ०.६३ युनिट. दर ८ रुपये धरू. हजार लिटरला ५ रुपये नुसत्या विजेचे. आता गळती आणि बेकायदा जोडण्यांत ४० टक्के पाणी जातं असं समजा. मग बिल ज्याला लागतं त्या हजार लिटरमागे वीज ८ रुपये ४० पैशांची. एका घराला रोज ५०० लिटर म्हणजे वर्षाला सुमारे १८० हजार लिटर. विजेचाच खर्च दीड हजार रुपये. यात तुरटी, क्लोरीन, पगार, दुरुस्ती, घसारा काहीही नाही. आता अर्धा इंची जोडणीचा तुमचा वार्षिक ठोक दर काढा आणि शेजारी लिहा.

मी दरवाढ करा असं सांगत नाही. तो निर्णय लोकप्रतिनिधींचा. पण प्रत्येक हजार लिटरमागे किती रुपये सर्वसाधारण निधीतून पाण्यात जातात, हा आकडा सभेपुढे ठेवणं हे तुमचं काम. बऱ्याचदा असं दिसतं की दरवाढीपेक्षा गळती ४० वरून ३० वर आणणं स्वस्त पडतं, किंवा जुना पंप बदलला तर तीन वर्षांत त्याची किंमत विजेच्या बिलातून निघते. अशी तुलना करणं म्हणजे प्रगत अंदाजपत्रक. त्यासाठी पाणीपुरवठा अभियंता तुमच्याशेजारी बसलेला हवा, कारण चढ किती आणि पंप किती तास चालतो हे त्यालाच माहीत.

रोख प्रवाहाचा तक्ता साधा आहे, लगेच करता येतो. बारा रकाने, एप्रिल ते मार्च, गेल्या ३ वर्षांची महिनावार प्रत्यक्ष जमा आणि खर्च. मालमत्ता कर मार्चमध्ये दाटतो, पगार दर महिन्याला लागतो, वीजबिल उन्हाळ्यात चढतं. सप्टेंबर ते डिसेंबर हा खड्डा जवळजवळ प्रत्येक पालिकेत दिसतो. तुमचे ठेकेदार दिवाळीच्या आधीच का येतात, त्याचं उत्तर इथेही आहे. आगाऊ भरणाऱ्यांना एप्रिल-मे-जूनमध्ये सूट देण्याचा खरा उपयोग हा खड्डा बुजवणं आहे.

आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत ठेवायचं बंधन तुम्हाला ठाऊक आहेच. एकच लक्षात आणून देतो. सफाई, वाहनचालक, संगणक परिचालक हे ठेक्यावर गेले की त्यांची मजुरी आस्थापनेतून निघून सेवाखर्चात जाते आणि टक्केवारी छान दिसते. माणसं तेवढीच, पैसा तेवढाच. दोन्ही मिळून किती होतात ते स्वतःसाठी काढत जा.

प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात काय कमी असलं तरी चालेल, तेही सांगतो. महापालिका रोख्यांवर, म्हणजे बाजारातून कर्ज उभारण्यावर, दोन-दोन दिवस घालवणारे वर्ग मी पाहिले आहेत. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये पाणी योजनेसाठी २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्क्यांनी उभे केले, ते कसं जमलं हे समजून घ्यावं. पतमानांकन करणारे पहिल्यांदा जमेची बाजू आणि हिशेबांची शिस्तच बघतात, एवढं कळलं की नगरपरिषदेच्या लेखापालाला एक तास पुरे. शून्याधारित अंदाजपत्रक, म्हणजे प्रत्येक खर्च शून्यापासून नव्याने पटवून मांडणं, सगळ्या लेखाशीर्षांना लावायला जाऊ नका, दमून जाल. इंधन, पथदिव्यांची वीज आणि भाड्याची वाहनं, या तीनच शीर्षांना लावा. तिथे "गेल्या वर्षीइतकंच" असं लिहिण्याची सवय सर्वात महाग पडते. पुण्यात २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून नागरिकांकडून कामं मागवली जातात, तो प्रयोग अभ्यासण्यासारखा आहे, मात्र स्पिलओव्हर आवरलेलं नसताना नागरिकांकडून नवी यादी मागवणं म्हणजे त्यांची फसवणूक होईल.

सभेपुढे उभं राहणं मात्र शिकवायलाच हवं, आणि ते सहसा शिकवत नाहीत. महापालिका अधिनियमात कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे आणि अंदाजपत्रक ३१ मार्चपूर्वी मंजूर करायचं असा क्रम आहे. आधी जमा, मग खर्च. कायदा करणाऱ्यांना हा क्रम कळत होता. प्रत्यक्षात सभेत उपसूचना येते, पाच-सात कोटींची कामं वाढतात आणि ती बसवण्यासाठी जमेचा एखादा आकडा वाढवला जातो. सोलापूर महापालिकेत मार्च २०२२ नंतरच्या प्रशासकीय काळात सभागृहच नव्हतं. त्या वर्षांत सेवेत आलेल्या कितीतरी तरुण अधिकाऱ्यांनी अंदाजपत्रकाची खरी सभा पाहिलेली नाही. त्यांना त्या दबावाची सवय नाही. वर्गात सभेचा सराव घ्या. कुणी नगरसेवक व्हावं, कुणी अध्यक्ष, आणि लेखापालाने उभं राहून सांगावं: "ही वाढ कुठल्या मागणीवर धरली आहे, ते ठरावात नमूद व्हावं." आवाज न चढवता, पण सांगावं. आणि टिप्पणीत स्वतःचा अंदाज लेखी ठेवावा. कमी, मध्यम, जास्त असे तीन आकडे, गेल्या ३ वर्षांच्या टक्केवारीसह. सभागृहाने चौथा आकडा घेतला तर तो त्यांचा अधिकार, पण तुमचा कागद नस्तीत राहतो आणि स्थानिक निधी लेखापरीक्षेच्या वेळी उपयोगी पडतो.

५ दिवस सलग निवासी वर्ग मला फारसा मान्य नाही. पुण्याच्या यशदा या राज्याच्या प्रशिक्षण संस्थेत किंवा १९२६ पासून चालत आलेल्या अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेत अनुभवी शिकवणारे आहेत, तिथे जाण्याची संधी सोडू नका. पण नगरपरिषद प्रशासन संचालनालयाला किंवा आयोजकांना तुमच्या मुख्याधिकाऱ्यांमार्फत सुचवता आलं तर असं सुचवा: ३ दिवस सप्टेंबरात, मग घरी जाऊन स्वतःच्या आकड्यांवर काम, आणि उरलेले २ दिवस जानेवारीत, सुधारित अंदाज हातात असताना. सोलापुरात जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपते तेव्हा होम मैदान रिकामं होतं आणि पालिकांमध्ये अंदाजपत्रकाची घाई सुरू होते, बरोबर त्या आठवड्यात. पहिल्या टप्प्यात जो अंदाज मांडला तो जानेवारीत प्रत्यक्षाशी ताडून पाहिला की माणूस जितकं शिकतो तितकं कुठल्याही व्याख्यानातून शिकत नाही. मी स्वतः घेतलेल्या एका वर्गात पहिल्या टप्प्याला आलेल्या बहुतेकांचे अंदाज दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्षापेक्षा जास्तच निघाले होते. त्यांनी ते एकमेकांसमोर फळ्यावर लिहिले, आणि तिथून पुढची चर्चा फार प्रामाणिक झाली.

मुख्याधिकाऱ्यांना "मला सगळं येत नाही" असं सांगायला संकोचू नका. त्यांच्याकडे दोन पानं घेऊन जा. एका पानावर १ एप्रिलची आरंभीची शिल्लक निधीनिहाय उलगडलेली, शेवटच्या ओळीत स्वनिधी आणि त्याखाली न दिलेली बिलं. दुसऱ्या पानावर थकबाकी पाच भागांत. ती दोन पानं तुम्हाला या आठवड्यातच करता येतील, त्यासाठी कुठल्या प्रशिक्षणाची गरज नाही. ती पाहिल्यावर ते प्रशिक्षणाला नाही म्हणतील असं मला वाटत नाही. आणि परवानगी मागताना एकट्यासाठी मागू नका. कर निरीक्षक आणि पाणीपुरवठा अभियंता, दोघांचीही नावं त्याच पत्रात घाला.